जादू नाकारणारा जादूगार : आबे फारिया

लहान मूल किरकिर करू लागले, दूध पिईनासे झाले, की घरातील वडीलधारी बाई मीठ-मिरच्या मुठीत घेऊन त्याच्यावरून ओवाळते आणि चुलीत टाकते. दृष्ट काढण्याचा हा विधी गोव्यात हिंदूंच्या घरी होतो, तसाच ख्रिस्ती घरांतही होत आला आहे. हीच दृष्ट इटलीतल्या माणसाला शिंगाच्या आकाराचा ताईत वापरायला लावते आणि तुर्कस्तानात दारावर निळ्या काचेचा डोळा टांगायला लावते. आपल्याकडचा घाडी अंगात शिरलेले भूत उतरवतो. युरोपातला पाद्री क्रूस समोर धरून सैतानाला हुसकावतो. देश वेगळे, देव वेगळे, मंत्र वेगळे. एक समजूत मात्र सर्वत्र सारखी आहे. सामर्थ्य असते ते करणाऱ्याच्या ठायी : पाहणाऱ्याच्या डोळ्यांत, ओवाळणाऱ्याच्या मुठीत, मंत्र म्हणणाऱ्याच्या जिभेवर. ज्याच्यावर प्रयोग होतो, तो केवळ त्या सामर्थ्याचे भक्ष्य किंवा लाभार्थी.

ही समजूत उलटी करून पाहण्याचे धाडस दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसमध्ये एका गोमंतकीय धर्मगुरूने केले. लोक त्याला जादूगार समजत, पैसे मोजून त्याचे प्रयोग पाहायला येत. आणि तो त्यांना बजावून सांगे की आपल्याजवळ कसलीही गूढ शक्ती नाही, जे काही घडते ते झोपणाऱ्याच्या स्वतःच्या मनात घडते. जुझे कुस्तोदिओ द फारिया हे त्यांचे नाव. फ्रेंच भाषेत पाद्र्याला आबे म्हणतात. त्यामुळे जग त्यांना आबे फारिया म्हणून ओळखते.

फारियांचा जन्म १७५६ च्या मे महिन्यात बार्देशातील कांदोळी येथे आजोळच्या घरी झाला. वडील कायेतान व्हितोरिन द फारिया हे कोलवाळचे. सोळाव्या शतकात ख्रिस्ती झालेल्या अनंत शेणवी नावाच्या सारस्वत पूर्वजापर्यंत त्यांचे कूळ मागे नेले जाते. आई रोझा मारिया द सौझा ही कांदोळीच्या सधन घरातील. पतिपत्नींचे पटले नाही. चर्चच्या अनुमतीने दोघे विभक्त झाले. वडिलांनी अर्धवट राहिलेले धर्मशिक्षण पुरे करून पाद्र्याचा झगा चढवला आणि आई जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठात जोगीण झाली. मुलगा वडिलांच्या वाट्याला आला.

ज्या गोव्यात हा मुलगा वाढत होता, तेथे जादूटोणा हा केवळ कुजबुजीचा विषय नव्हता. तो न्यायासनापुढचा विषय होता. १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन अजून कार्यरत होते. १७३६ च्या फर्मानाने जन्म, विवाह आणि मृत्यू यांच्याशी जोडलेल्या कितीतरी जुन्या चालीरीती नवख्रिस्तींना निषिद्ध ठरवल्या होत्या. तरीही उंबरठ्याच्या आत दृष्ट निघत होती, देवचाराच्या गोष्टी सांगितल्या जात होत्या. कायद्याने बंदी घालूनही माणसाच्या मनातून श्रद्धा जात नाही, हे बार्देशातील कोणत्याही मुलाला पुस्तक न वाचता कळत असे.

१७७१ च्या प्रारंभी बापलेकांनी गोवा सोडला. मुलाला तेव्हा पंधरावे वर्षही पुरे झाले नव्हते. नऊ महिन्यांचा समुद्रप्रवास करून ते लिस्बनला पोहोचले आणि तेथून पुढे रोमला गेले. रोममध्ये फारियांनी धर्मप्रसारासाठी चालवल्या जाणाऱ्या प्रोपागांदा फीदे या विख्यात विद्यालयात तत्त्वज्ञान व ईश्वरविद्या यांचे अध्ययन केले. १७८० मध्ये त्यांना पुरोहितदीक्षा मिळाली, डॉक्टर ही पदवीही मिळाली. पोप सहावे पायस यांच्यासमोर सिस्टाइन चॅपेलमध्ये प्रवचन देण्याचा मान कांदोळीच्या या तरुणाला लाभला.

लिस्बनला परतल्यावरची एक कथा गोव्यात घरोघरी ठाऊक आहे. राणी मारिया पहिली हिच्या राजवाड्यातील चॅपेलमध्ये फारियांना प्रवचनासाठी पाचारण करण्यात आले. समोर राणी, सरदार, मानकरी. तरुण पाद्र्याची जीभ टाळ्याला चिकटली, शब्द फुटेना. व्यासपीठाजवळ असलेल्या वडिलांनी हलक्या आवाजात कोंकणीतून मुलाला सुचवले की ही सगळी नुसती भाजी आहे, तेव्हा खुशाल भाजी काप. दरबारात त्या भाषेचा अर्थ कळणारे दुसरे कोणी नव्हते. मुलाचे भय ओसरले आणि प्रवचन ओघवते झाले. ही आख्यायिका आहे, आणि ती आख्यायिका म्हणूनच घ्यावी. तरीही फारियांच्या पुढील आयुष्याची किल्ली लोकांनी तिच्यात शोधली, हे अकारण नाही. विश्वासातल्या माणसाने योग्य क्षणी उच्चारलेला एक शब्द शरीराची अवस्था पालटू शकतो, हेच फारिया पुढे जगाला सांगणार होते.

त्या काळी गोमंतकीय पाद्री कितीही विद्वान असला तरी मोठ्या पदांवर नेमणूक व्हायची ती गोऱ्यांची. हा अन्याय सलणाऱ्यांपैकी कायेतान व्हितोरिन हे एक होते. लिस्बनमधील त्यांच्या घरी गोव्याचे असंतुष्ट पाद्री येत जात. १७८७ मध्ये कांदोळीच्या पिंटो घराण्याच्या नावाने ओळखला जाणारा कट उघडकीस आला. ४७ जणांना अटक झाली, त्यांत १७ पाद्री होते. १७८८ च्या डिसेंबरात १५ जणांना पणजीत देहान्त शासन देण्यात आले. संशयाचे लोण लिस्बनपर्यंत गेले. फारियांनी १७८८ मध्येच पोर्तुगाल सोडून पॅरिस गाठले. मायभूमी त्यांनी पुन्हा पाहिली नाही.

पॅरिसमध्ये त्यांना लवकरच राज्यक्रांतीचा भडका पाहावा लागला. १७९५ मध्ये कन्व्हेन्शनविरुद्ध चालून गेलेल्या एका तुकडीचे नेतृत्वही त्यांनी केल्याची नोंद आहे. तो उठाव तरुण नेपोलियनच्या तोफांनी मोडून काढला. पण फारियांच्या आयुष्याला वळण दिले ते राजकारणाने नव्हे. त्या काळी पॅरिसला एका वेगळ्याच वेडाने झपाटले होते. त्या वेडाचे नाव होते प्राणिज चुंबकत्व.

त्याचा जनक फ्रान्झ अँटोन मेस्मर. १७७५ मध्ये जर्मन भाषिक प्रदेशात गास्नर नावाचा एक पाद्री भुते काढून रोग बरे करतो म्हणून गाजत होता. मेस्मरला त्याविषयी मत विचारण्यात आले. भूतबीत काही नाही, असे मेस्मरने सांगितले. गास्नर नकळत एका सूक्ष्म चुंबकीय द्रवाचा उपयोग करीत आहे, हा त्याचा निर्वाळा. सैतान गेला आणि त्याच्या जागी द्रव आला. १७७८ मध्ये मेस्मर पॅरिसला आला. त्याच्या दिवाणखान्यात ओकच्या लाकडाचे मोठे पिंप असे; त्यात पाण्याच्या बाटल्या, काचेचा चुरा, लोखंडाचा कीस. पिंपातून बाहेर आलेल्या लोखंडी दांड्या रुग्ण आपल्या दुखऱ्या अवयवाला लावून बसत. काचेच्या वाद्याचे सूर उमटत, जांभळा झगा घातलेला मेस्मर हात फिरवत हिंडे, आणि रुग्णांना झटके येत. अनेकांना खरोखर बरेही वाटे.

१७८४ मध्ये राजाने चौकशी समिती नेमली. बेंजामिन फ्रँकलिन तिच्या अग्रस्थानी होते, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए सदस्य होते. समितीने एक साधा प्रयोग केला. बागेतील एकाच झाडात द्रव सोडण्यात आला आणि डोळे बांधलेल्या एका मुलाला झाडांमधून फिरवण्यात आले. ज्या झाडाला कोणी हातही लावला नव्हता, त्याच झाडापाशी मुलगा बेशुद्ध पडला. समितीने निष्कर्ष काढला : द्रव नाही, हा कल्पनाशक्तीचा खेळ आहे. निष्कर्ष अचूक होता. पण तो नोंदवून विद्वान मंडळी घरी गेली. नुसत्या कल्पनेने धडधाकट मुलगा कोसळतो कसा, हा खरा प्रश्न त्यांनी कोणाला विचारला नाही. फारियांचे थोरपण असे की त्यांनी तोच प्रश्न उचलला.

त्याच वर्षी मेस्मरचा शिष्य मार्की द प्युइसेगुर याला ब्यूझान्सी या आपल्या गावी एक नवी गोष्ट आढळली. व्हिक्टर रास नावाच्या शेतकरी तरुणावर उपचार करताना त्याला झटके आले नाहीत. तो शांत झोपला, पण झोपेतच बोलू लागला, प्रश्नांची उत्तरे देऊ लागला. या अवस्थेला कृत्रिम निद्राभ्रमण म्हणू लागले. प्युइसेगुरचे म्हणणे असे की द्रवाइतकीच प्रयोगकर्त्याची प्रबळ इच्छाशक्तीही येथे काम करते. फारियांनी चुंबकत्वाचे धडे प्युइसेगुरकडूनच घेतले.

१८११ मध्ये फारिया मार्सेय येथे तत्त्वज्ञानाचे अध्यापक झाले, नंतर त्यांना नीम येथे पाठवण्यात आले. १८१३ मध्ये ते पॅरिसला परतले आणि ऑगस्टमध्ये क्लिशी रस्त्यावरील ४९ क्रमांकाच्या घरात त्यांनी आपले जाहीर वर्ग सुरू केले. प्रवेशमूल्य पाच फ्रँक. उंच, सावळे, भेदक डोळ्यांचे हे पाद्री स्वतःला अभिमानाने ब्राह्मण म्हणवत. पुढे आपल्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही त्यांनी तसेच छापले. भारतातून आलेला ब्राह्मण म्हटल्यावर पॅरिसकरांच्या डोळ्यांसमोर पूर्वेकडील सगळी गूढविद्या उभी राहत असे. या कुतूहलाने दिवाणखाना भरे, आणि वक्ता मात्र गूढविद्येचाच पाया उखडू लागे.

त्यांची पद्धत विलक्षण साधी होती. ना पिंप, ना दांड्या, ना संगीत, ना अंगावरून तासन्‌तास हात फिरवणे. माणसाला खुर्चीत आरामात बसवायचे, डोळे मिटून मन एकाग्र करायला सांगायचे, निद्रेचा विचार करायला सांगायचे. मग ठाम स्वरात झोपण्याची आज्ञा करायची. काहींना ते आपला उघडा तळवा रोखून पाहायला सांगत आणि हात हळूहळू जवळ आणत. तीन-चार वेळा आज्ञा करूनही झोप लागली नाही, तर त्या व्यक्तीचा पिंड या निद्रेला अनुकूल नाही असे सांगून ते तिला उठवत. झोपलेल्याला साधे पाणी देऊन ते मद्य असल्याचे सांगितले, तर त्याला मद्याची चव लागे. हात उचलता येणार नाही असे सांगितले, की हात जड होई. आपण पाच हजारांहून अधिक लोकांना असे झोपवले, असा त्यांचा दावा होता.

या अनुभवावरून त्यांनी जो सिद्धान्त मांडला, तो त्या काळाच्या कितीतरी पुढे होता. द्रव असता, तर तो सर्वांवर सारखाच चालला असता. प्रयोगकर्त्याच्या इच्छेत बळ असते, तर त्याची इच्छा नसताना कोणी झोपले नसते आणि इच्छा असताना कोणी जागे राहिले नसते. प्रत्यक्षात लहान मूलसुद्धा योग्य रीतीने आज्ञा करून अनुकूल प्रकृतीच्या माणसाला झोपवू शकते. म्हणजे कारण बाहेर नाही. झोपणाऱ्याची एकाग्रता, त्याची श्रद्धा आणि अपेक्षा हीच झोपेची कारणे. फारियांनी जुने शब्दही टाकून दिले. चुंबकत्व हा शब्दच दिशाभूल करणारा असल्याने त्यांनी या अवस्थेला सुबोध निद्रा म्हणता येईल असे नाव दिले. झोपवणाऱ्याला ते केवळ एकाग्रता साधून देणारा म्हणत. गुरूच्या सिंहासनावरून खाली उतरून त्यांनी स्वतःला मदतनीसाच्या आसनावर बसवले.

हे सगळे आजच्या शास्त्राशी तंतोतंत जुळते असे मात्र समजू नये. ज्यांचे रक्त पातळ असते त्यांना ही निद्रा लवकर लागते, असे फारियांना वाटे. सुबोध निद्रेत आत्मा इंद्रियांच्या बंधनातून सुटतो आणि स्वतःचे किंवा दुसऱ्याचे रोगही ओळखू शकतो, यावरही त्यांचा विश्वास होता. शिवाय आरंभीच्या काळात ते स्वतः चुंबकत्वाच्या मोहापासून मुक्त नव्हते. फ्रेंच लेखक शातोब्रियां यांनी आपल्या आठवणींत एका मेजवानीचा प्रसंग नोंदवला आहे. चुंबकशक्तीने आपण पिंजऱ्यातील कॅनरी पक्षी मारू शकतो, अशी बढाई फारियांनी मारली. पक्षी मजेत राहिला आणि माघार फारियांनाच घ्यावी लागली. पक्ष्याला कोणाची आज्ञा कळत नाही, त्याची कोणावर श्रद्धा नसते. त्या कॅनरीने जणू पुढच्या सिद्धान्ताची परीक्षा आधीच घेऊन ठेवली होती.

क्लिशी रस्त्यावरील यशाबरोबर शत्रूही वाढले, आणि ते तिन्ही दिशांनी आले. धर्ममार्तंडांना या निद्रेत सैतानाचा हात दिसला. त्यांना उत्तर देताना फारिया सांगत की जे निसर्गनियमाने घडते त्यासाठी सैतानाची गरज नाही. चुंबकवाद्यांना आपला द्रव आणि त्याबरोबर आपले महत्त्व नाकारले गेल्याचा राग आला. डॉक्टर आणि पत्रकार यांच्या लेखी हा परदेशी पाद्री भोंदूच होता. सैतान मानणारे, द्रव मानणारे आणि काहीच न मानणारे असे तिन्ही पक्ष एकाच माणसावर तुटून पडले.

घाव घातला तो मात्र रंगभूमीने. एका नटाने फारियांच्या वर्गात येऊन झोपेचे सोंग घेतले आणि नंतर ते सोंग असल्याचे जाहीर केले. १८१६ मध्ये पॅरिसच्या व्हारिएते नाट्यगृहात चुंबकवेडाची टर उडवणारे प्रहसन आले. त्यातील हास्यास्पद पात्र कोणाचे, हे प्रेक्षकांना विचारावे लागत नव्हते. दिवाणखाना ओस पडला. ज्याने आयुष्यभर सांगितले की श्रद्धेशिवाय निद्रा नाही, त्याच्यावरचीच श्रद्धा पॅरिसने काढून घेतली. साठीला आलेल्या फारियांना पोटासाठी मुलींच्या एका निवासी शाळेत धर्मगुरूचे काम पत्करावे लागले.

त्या एकांतात त्यांनी ग्रंथ लिहायला घेतला. सुबोध निद्रेचे कारण शोधणारा आणि मानवी स्वभावाचा अभ्यास म्हणवणारा हा ग्रंथ अनेक खंडांचा होणार होता. पहिला खंड १८१९ मध्ये छापला गेला. तो त्यांनी प्युइसेगुर यांना अर्पण केला. ज्याचा सिद्धान्त खोडून काढायचा, त्याचेच ऋण पहिल्या पानावर मान्य करण्याइतके ते कृतज्ञ होते. २० सप्टेंबर १८१९ रोजी पक्षाघाताने त्यांचा मृत्यू झाला. मोंमार्त्र येथे त्यांना पुरण्यात आले. थडग्यावर नावाचा दगडही बसला नाही. पुढचे खंड वाचकांपर्यंत कधी पोहोचले नाहीत.

मृत्यूनंतर फारियांचे नाव गाजले ते एका कादंबरीमुळे. अलेक्झांडर ड्यूमा यांच्या काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो या कादंबरीत मार्सेयजवळच्या शातो दिफ या सागरी तुरुंगात खितपत पडलेला, नायकाला विद्या आणि खजिन्याचे रहस्य देणारा वृद्ध कैदी आबे फारिया याच नावाचा आहे. ड्यूमांचा फारिया इटालियन. कांदोळीच्या फारियांशी त्याचे नाव आणि झगा यांपलीकडे फारसे साम्य नाही. जगभरच्या वाचकांनी कल्पित फारिया डोक्यावर घेतला आणि खरा फारिया विसरला गेला.

विद्येच्या प्रांतात मात्र त्यांचे बीज रुजत होते. त्यांच्या वर्गाला हजर राहिलेले सेनाधिकारी नोइझे यांनी तो विचार पुढे नेला. १८४३ मध्ये स्कॉटिश शल्यवैद्य जेम्स ब्रेड यांनी या निद्रेला हिप्नॉटिझम या शब्दाचे अधिष्ठान दिले. नंतर फ्रान्समधील नान्सी येथे लिएबो आणि बर्नहाइम या डॉक्टरांनी सूचना हेच संमोहनाचे मर्म असल्याचे दाखवून दिले, आणि हे सत्य प्रथम पाहण्याचा मान फारियांना दिला. गोमंतकीय डॉक्टर दालगाद यांनी १९०६ मध्ये फारियांचे चरित्र प्रसिद्ध केले. पुढे नोबेल पारितोषिक मिळवणारे पोर्तुगीज वैद्यक एगास मोनिझ यांनी १९२५ मध्ये संमोहनाच्या इतिहासातील त्यांच्या स्थानावर ग्रंथ लिहिला.

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला १९४५ मध्ये उभारलेला फारियांचा पुतळा हे मडकईचे शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांचे काम. झग्याचे सोगे उडत आहेत, दोन्ही हात पुढे झेपावले आहेत आणि खाली एक स्त्री कोसळते आहे. शिल्प म्हणून ते अप्रतिम आहे. पण पाहणाऱ्याची नजर नेमकी त्या पसरलेल्या बोटांवर खिळते. एखादा पर्यटक विचारतो आणि कोणीतरी सांगतो की हा जादूगार होता. पुतळ्यातील फारियांना बोलता आले असते, तर त्यांनी आपल्या हातांकडे पाहणाऱ्याला त्या स्त्रीकडे पाहायला सांगितले असते. जे घडत आहे, ते तिच्या ठायी घडत आहे.

हे सांगणे दोनशे वर्षांनी जुने झालेले नाही. अंगारा देणारा, हात ठेवून आजार पळवणारा, नजरेने वश करणारा आजही आपल्या अवतीभवती आहे आणि त्याच्या दारी रांगाही आहेत. रांगेतल्या माणसाला मूर्ख ठरवून फारिया पुढे गेले नसते, कारण त्याला येणारा आराम अनेकदा खरा असतो, हे त्यांनी हजारो माणसांत पाहिले होते. त्यांनी एवढेच विचारले असते, की तो आराम कोणी दिला. माणसाची श्रद्धा हे त्याचे स्वतःचे धन आहे. ते दुसऱ्याच्या तिजोरीत ठेवून त्याच्याकडूनच उसने घेण्याची आणि त्यावर व्याज भरण्याची सवय त्यांना मोडायची होती. कांदोळीहून निघालेल्या त्या पाद्र्याने यासाठी पैसा, प्रतिष्ठा आणि शेवटी थडग्यावरचे नावही गमावले. पण आपल्या हातात जादू आहे, असे म्हणून ते परत मिळवण्याचा सोपा मार्ग त्यांनी पत्करला नाही.